बॉस्टन लॅटिन स्कूल इतकी वर्षे टिकली कशी, आणि तिच्या प्रवेशावरून एवढे तंटे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचीची मुलगी बॉस्टनमध्ये सहावीत आहे, तिला पुढच्या वर्षासाठी ‘लॅटिन स्कूल’ला अर्ज करायचा आहे. ही अमेरिकेतली सर्वांत जुनी सरकारी शाळा. एक सरकारी शाळा १६३५पासून आजवर टिकली कशी, आणि इतक्या नावाजलेल्या शाळेच्या प्रवेशाचे प्रकरण दर काही वर्षांनी कोर्टात का जाते?

मी बॉस्टनच्या सरकारी शाळांत बरीच वर्षे इतिहास शिकवला, आता शाळांची जुनी दप्तरे लावण्याचे काम करते. लॅटिन स्कूलमध्ये मात्र मी ना शिकले, ना शिकवले. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकू येतो तो अभिमानाचा भाग वजा करून सांगू शकेन.

माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ही शाळा पहिल्यापासून गावाच्या पैशावर चालली आणि तिच्या दारातून सरळ हार्वर्डची वाट निघत होती. गावाचा पैसा आणि पुढची वाट या दोन गोष्टी एकत्र आल्या की आत कोणाची मुले जाणार, हा तंटा ठरलेलाच. तो तंटा प्रत्येक पिढीने नव्याने मांडला आणि त्यामुळेच कोणत्याही पिढीला ही शाळा परकी वाटली नाही.

आता सुरुवातीपासून. बॉस्टन शहर वसले १६३०मध्ये, म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला त्याच वर्षी. इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची ही वसाहत. पाच वर्षांत, अजून नीट रस्तेही झाले नव्हते तेव्हा, गावसभेच्या वहीत एक ओळ लिहिली गेली: आपले बंधू फिलेमॉन पोर्मोर्ट यांनी मुलांना शिकवण्यासाठी शिक्षक व्हावे, अशी त्यांना विनंती करावी. वहीत तारीख आहे ‘दुसऱ्या महिन्याचा तेरावा दिवस’. तेव्हा इंग्रजांचे वर्ष मार्चमध्ये सुरू होई, म्हणून दुसरा महिना एप्रिल. त्यांचे पंचांग आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होते, म्हणून आजच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस २३ एप्रिल १६३५, आणि शाळा आपला वाढदिवस त्याच दिवशी धरते.

ठरावात इमारत नाही, अभ्यासक्रम नाही, पगाराचा आकडाही नाही. पोर्मोर्ट फार टिकलेही नाहीत. गावात धर्ममतांवरून मोठे भांडण पेटले, त्यात हरलेल्या पक्षाबरोबर ते १६३८मध्ये उत्तरेला निघून गेले आणि एक्झेटर नावाचे नवे गाव वसवणाऱ्यांत सामील झाले. त्याआधी १६३६मध्येच गावातल्या धनिकांनी वर्गणी काढून डॅनियल मॉड यांना शिक्षक नेमले होते. वर्गणीच्या यादीत गव्हर्नर हेन्री वेन यांचे नाव आहे, वसाहतीचे आधीचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांचेही आहे. म्हणजे पहिल्या वर्षी नुसता ठराव आणि दुसऱ्या वर्षी देणगी. ‘सरकारी शाळा’ हे वर्णन इथवर जरा उदारपणेच करावे लागते.

खरी गोष्ट घडली ती १६४१मध्ये. बॉस्टनच्या बंदरात डीअर आयलंड नावाचे बेट होते. त्याचे उत्पन्न गावाच्या मोफत शाळेसाठी वापरावे असे गावसभेने ठरवले. पुढे आणखी बेटांची भाडीही शाळेकडे वळवण्यात आली. आपल्याकडे देवळाला किंवा पाठशाळेला गाव इनाम देत, तशीच ही सोय. वर्गणीदार मरतो किंवा रुसतो, बेट मात्र दर वर्षी भाडे देते. शाळा टिकण्याचे पहिले कारण कोणी विचारले, तर मी या बेटाकडे बोट दाखवते. याच बेटाची दुसरी आठवण काळी आहे. मूळ रहिवाशांशी झालेल्या १६७५च्या युद्धात वसाहतीने ख्रिस्ती झालेल्या, इंग्रजांशी मित्रत्वाने वागणाऱ्या मूळ रहिवाशांना हिवाळ्यात या बेटावर नेऊन कोंडले, आणि उपासमारीने व थंडीने शेकडो माणसे मेली. आज तिथे शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे मोठे केंद्र आहे.

लॅटिनच का, हे विचारायला हवे. गावचे वजनदार धर्मोपदेशक जॉन कॉटन हे इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या बॉस्टनहून आलेले. तिथे लॅटिन शिकवणारी ग्रामर स्कूल होती, तोच नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. प्युरिटनांना बायबल मूळ भाषांतून वाचणारे धर्मोपदेशक हवे होते. १६३६मध्ये हार्वर्ड कॉलेज काढण्याचा निर्णय झाला. सिसेरो या रोमन लेखकाचा उतारा समोर ठेवला तर तो तिथल्या तिथे समजावा आणि लॅटिनमध्ये गद्य-पद्य लिहिता यावे, ही तिथल्या प्रवेशाची अट. लॅटिन स्कूल सात वर्षांत याच अटीची तयारी करून घेई. शाळा हार्वर्डपेक्षा एका वर्षाने मोठी असल्यामुळे, आपल्या मुलांना पुढे जायला जागा हवी म्हणून हार्वर्ड काढले, असा विनोद शाळेत पिढ्यान्पिढ्या चालतो. पुढे १६४७मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला: पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर घरांच्या गावाने ग्रामर स्कूल चालवावी. बॉस्टनने जे आपखुशीने केले होते ते आता सगळ्यांना बंधनकारक झाले.

‘सर्वांत जुनी’ या बिरुदाबद्दल थोडे. न्यूयॉर्कची कॉलेजिएट स्कूल आपले मूळ १६२८पर्यंत नेते, पण ती खासगी. बॉस्टनच्याच रॉक्सबरी भागात सुरू झालेली रॉक्सबरी लॅटिन १६४५ची, तीही खासगी, आणि तिचा दावा अखंड चालण्याचा आहे, कारण बॉस्टन लॅटिन स्वातंत्र्ययुद्धात काही काळ बंद होती. डॉर्चेस्टरची मेदर स्कूल १६३९ची, ती प्राथमिक. तेव्हा बॉस्टन लॅटिन सर्वांत जुनी सरकारी शाळा आहे, एवढे निर्धास्त म्हणा. त्यापुढे गेलात तर एखाद्या रॉक्सबरीवाल्याशी वाद ओढवून घ्याल.

पहिली स्वतंत्र इमारत १६४५च्या सुमारास उभी राहिली. ती जिथे होती त्या रस्त्याचे नावच स्कूल स्ट्रीट. आज तिथे जुन्या सिटी हॉलसमोरच्या पदपथात रंगीत मोझॅक बसवले आहे. पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढतात आणि बहुतेकांना पायाखाली काय आहे याचा पत्ता नसतो.

या जागेवर १६७०मध्ये इझिकिएल चीव्हर हेडमास्तर म्हणून आले आणि मला विचाराल तर शाळेची घडी त्यांनी बसवली. न्यू हेवन, इप्सविच, चार्ल्सटाउन अशी गावे शिकवून झाली होती, वय पन्नाशीच्या पुढे. पगार वर्षाला साठ पौंड आणि राहायला घर. तिथून ते १७०८मध्ये वारेपर्यंत, म्हणजे नव्वदी ओलांडल्यावरही, शिकवतच होते. एकूण सत्तर वर्षे मास्तरकी. त्यांचे लॅटिन व्याकरणाचे छोटे पुस्तक अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापर्यंत छापले जात होते. त्यांच्या एका विद्यार्थ्याने म्हातारपणी आठवण सांगितली आहे: मास्तरांची लांब पांढरी दाढी खाली टोकदार होत जाई, आणि हात दाढीवरून फिरत टोकापर्यंत आला की पोरांनी लांब सरकावे, हे ठरलेले. केसांच्या कृत्रिम टोपांचा त्यांना विलक्षण तिटकारा होता. त्यांच्या मृत्यूनंतर गौरवपर प्रवचन छापले ते त्यांच्याच विद्यार्थ्याने, धर्मोपदेशक कॉटन मेदरने. मेदरचे सर्वांत गाजलेले चित्र पाहा, डोक्यावर भला थोरला टोप आहे.

मोफत म्हणजे कोणासाठी, हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारत नव्हते. मुली नाहीत, हे गृहीत. कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवाशांची मुलेही जवळजवळ नाहीत. गोऱ्या मुलांतही ज्याचा बाप सात वर्षे कमाईशिवाय पोसू शकतो, त्यालाच लॅटिन परवडे. फी नसली तरी मुलगा दुकानात नसणे हीच किंमत.

बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट यासाठीच सांगावी लागते. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा, घरात मुलांची रांग. बेंजामिन दहावा मुलगा, म्हणून देवाचा दशमांश समजून त्याला चर्चला द्यायचे ठरले आणि १७१४मध्ये, आठव्या वर्षी, लॅटिन स्कूलमध्ये घातले. वर्गात तो मधल्या नंबरवरून पहिल्यावर चढला, वरच्या वर्गात जाणार होता. वर्ष पुरते संपायच्या आत बापाने नाव काढले. कॉलेजचा खर्च झेपणार नाही, आणि शिकून बाहेर पडलेले अनेक जण कसे ओढगस्तीत जगतात ते दिसतेच आहे, असे त्याने मित्रांना सांगितल्याचे फ्रँकलिनने स्वतः लिहून ठेवले आहे. मग हिशेब-हस्ताक्षराची शाळा आणि दहाव्या वर्षी बापाच्या दुकानात वाती कापणे. याच माणसाने मृत्युपत्रात बॉस्टनच्या मोफत शाळांतल्या हुशार मुलांना रौप्यपदके देण्यासाठी शंभर पौंड ठेवले, आणि १७९३पासून ती पदके दिली जाऊ लागली. शाळेच्या जुन्या जागेसमोर आज पुतळा उभा आहे तो फ्रँकलिनचाच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत लॅटिन स्कूलचे पाच जण होते, असे शाळा अभिमानाने सांगते: सॅम्युएल अॅडम्स, जॉन हॅनकॉक, विल्यम हूपर, रॉबर्ट ट्रीट पेन आणि फ्रँकलिन. यादीत पाचवे नाव घालताना तो शाळा सोडून गेला होता, हे दबक्या आवाजात सांगतात.

१७४८मध्ये शेजारच्या किंग्ज चॅपलला वाढायला जागा हवी झाली. चर्चने रस्त्यापलीकडे नवी इमारत बांधून द्यायची आणि शाळेने जागा सोडायची, असा सौदा गावसभेत बऱ्याच वादानंतर ठरला. यानंतर शाळेने इतक्या जागा बदलल्या की सगळ्या सांगत बसत नाही. आजची एव्हेन्यू लुई पाश्चरवरची इमारत १९२२ची, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अगदी लागून.

स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी हेडमास्तर होते जॉन लव्हेल, १७३४पासून. पक्के राजनिष्ठ. त्यांच्याच हाताखाली मुलगा जेम्स शिकवत होता, तो तितकाच पक्का बंडखोर. १७७०मध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्या बॉस्टन हत्याकांडाच्या पहिल्या वार्षिक स्मरणाचे भाषण केले ते या जेम्सने. बाप आणि मुलगा एकाच शाळेत शिकवत असताना वर्गात काय वातावरण असेल, याची कल्पना करा. १७७५च्या जानेवारीत मुलांच्या बर्फावरून घसरगाड्या नेण्याच्या उतारावर ब्रिटिश जनरल हाल्डिमंड यांच्या नोकराने मोडतोड केली. मुलांनी शिष्टमंडळ नेले आणि ही आमची वाडवडिलांपासूनची वाट आहे असे जनरलला सांगितले. त्याने उतार दुरुस्त करवून दिला. वरच्या अधिकाऱ्याने ऐकले तेव्हा या गावात पोरांच्याही अंगात स्वातंत्र्य भिनले आहे, अशा अर्थाचा शेरा मारला म्हणतात.

१९ एप्रिल १७७५ला सकाळी लेक्सिंग्टनकडे जाणारे सैन्य रस्त्यात रांगा लावून उभे होते. हॅरिसन ग्रे ओटिस नावाचा लहान मुलगा त्यांना वळसा घालून कसाबसा शाळेत पोचला, तर लव्हेल मास्तर म्हणत होते: युद्ध सुरू झाले, शाळा संपली, ‘देपोनिते लिब्रोस’, पुस्तके खाली ठेवा. पुढच्या वर्षी इंग्रज बॉस्टन सोडून गेले तेव्हा बाप त्यांच्याबरोबर निर्वासित म्हणून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेला. मुलगाही हॅलिफॅक्सलाच पोचला, पण इंग्रजांचा कैदी म्हणून. सुटल्यावर तो काँग्रेसचा, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधिसभेचा, सभासद झाला. शाळा १७७६मध्येच पुन्हा भरू लागली.

एकोणिसाव्या शतकात लॅटिन स्कूलला पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला. व्यापारात, कारखान्यांत जाणाऱ्या मुलांसाठी शहराने १८२१मध्ये इंग्लिश हायस्कूल काढली, अमेरिकेतली पहिली सरकारी हायस्कूल. दोन्ही शाळांचा फुटबॉल सामना १८८७पासून सुरू आहे. लॅटिन स्कूलचे काम यामुळे आणखी अरुंद आणि आणखी स्पष्ट झाले: कॉलेजला जाणारी मुले तयार करणे. निबंधकार इमर्सन इथलाच.

पण या काळातला मला महत्त्वाचा वाटणारा विद्यार्थी म्हणजे गुलामगिरीविरोधी वकील चार्ल्स सम्नर. १८४०च्या दशकाच्या अखेरीस सेरा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला. वेगळ्या ठेवलेल्या शाळेत जाताना तिला वाटेत गोऱ्यांच्या पाच शाळा लागत. तिच्या वडिलांनी शहरावर दावा लावला आणि १८४९मध्ये न्यायालयात सम्नर तिच्या बाजूने उभा राहिला, सोबत रॉबर्ट मॉरिस हे कृष्णवर्णीय वकील. १८५०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. हाच निकाल पुढे १८९६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला आधार म्हणून वापरला. मॅसॅच्युसेट्सने मात्र १८५५मध्ये कायदा करून शाळांतला हा वर्णभेद बंद केला.

मराठी वाचकाला इथे जोतीराव आठवल्याशिवाय राहत नाहीत. भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली १८४८मध्ये, रॉबर्ट्स खटल्याच्या सुनावणीच्या आदल्याच वर्षी. पुढे १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, म्हणजे सम्नरच्या बाजूच्या माणसांना. आणि १८८२मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी विचारले की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा? बॉस्टनमध्ये लॅटिन स्कूलवर होणारा आक्षेप नेमका हाच आहे आणि तो आजही जुना झालेला नाही.

मुलींचे प्रकरण १८७७मध्ये आले. बॉस्टन विद्यापीठ मुलींना घेत होते, वेलस्ली आणि स्मिथ ही महिलांची कॉलेजे दोनच वर्षांपूर्वी सुरू झाली होती, पण प्रवेशाला लागणारे लॅटिन-ग्रीक मुलींना शिकवणार कोण? एमिली टॅल्बट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागणी केली की मुलींना लॅटिन स्कूलमध्ये घ्या. शाळा मंडळ बिचकले आणि मधला मार्ग म्हणून गर्ल्स लॅटिन स्कूल काढली. ती १८७८च्या फेब्रुवारीत सुरू झाली. शाळा उत्तम चालली, यात वाद नाही. मात्र या मधल्या मार्गाची किंमत मुलींनी जवळजवळ शंभर वर्षे मोजली. गर्ल्स लॅटिनमध्ये जागा कमी, त्यामुळे १९७०च्या प्रवेशपरीक्षेत मुलांना १२० गुणांवर प्रवेश मिळे आणि मुलींना १३३ लागत. मुंबई-पुण्यातली अकरावीची कटऑफ पाहिलेल्या कोणालाही हे तेरा गुण म्हणजे काय ते सांगायला नको. पालक कोर्टात गेले. १९७२मध्ये फेडरल न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला, आणि त्याच वर्षी राज्याच्या नव्या कायद्यानुसार बॉस्टन लॅटिनमध्ये पहिल्या मुली आल्या. गर्ल्स लॅटिनने मुलगे घ्यायला सुरुवात केली, ती आजची बॉस्टन लॅटिन अकॅडमी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळेचा चेहरा बदलला तो स्थलांतरितांमुळे. आयरिश, मग ज्यू, इटालियन. आर्चीबाल्ड किंवा विन्थ्रॉप अशी जुनी नावे खासगी शाळांकडे वळली आणि त्यांच्या बाकांवर फेरीवाल्यांची, शिंप्यांची मुले बसली. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन १९३५च्या तुकडीचा, युक्रेनमधून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. त्या काळी आत शिरणे तुलनेने सोपे होते आणि टिकणे महाकठीण. नापासांची संख्या प्रचंड, पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी मोठा हिस्सा शेवटच्या वर्षापर्यंत राहत नसे, आणि शाळेला त्याचे काही वाटत नसे. उलट तीच तिची प्रतिष्ठा होती. १९६०च्या दशकात प्रवेशपरीक्षा आली. गाळणी होतीच, ती आतून उचलून दारात आणून ठेवली. माझ्या मते शाळेच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच, आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिले गेले आहे. कारण आत नापास झालेला मुलगा गुपचूप घरी जातो, पण दारात अडवलेल्या मुलाचे पालक वकील गाठतात.

आणि त्यांनी गाठले. जून १९७४मध्ये न्यायमूर्ती आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला की बॉस्टनच्या शाळा मंडळाने जाणूनबुजून वर्णानुसार शाळा वेगळ्या ठेवल्या आहेत. शहरात मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांत पाठवणे सुरू झाले, दगडफेक झाली, ते सगळे वेगळे प्रकरण. प्रवेशपरीक्षेच्या तीन शाळांसाठी न्यायालयाने ठरवले की नव्या विद्यार्थ्यांत किमान ३५ टक्के कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाचे) असावेत. न्यायालयाची देखरेख संपल्यावरही मंडळाने ही टक्केवारी चालू ठेवली. १९९५मध्ये एका गोऱ्या मुलीच्या वडिलांनी दावा केला आणि पुढच्या वर्षी मंडळाने ३५ टक्क्यांची राखीव तरतूद सोडली. तिच्या जागी आलेली, अर्ध्या जागांसाठी वर्ण विचारात घेणारी नवी पद्धत १९९८मध्ये फेडरल अपील न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर वीस वर्षे परीक्षा आणि वर्गातले गुण, एवढेच. शाळेतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण घसरले, तेही ज्या शहराच्या सरकारी शाळांत ही मुले बहुसंख्य आहेत तिथे. परीक्षेच्या खासगी शिकवण्यांचा धंदा फोफावला, त्यात आपल्याकडचे देशी पालक मागे नव्हते हेही सांगायला हवे.

२०१६मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी शाळेतल्या वर्णद्वेषी वागणुकीबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली, सरकारी चौकशी झाली आणि त्या वर्षी मुख्याध्यापिकांनी राजीनामा दिला. २०१७मध्ये माजी विद्यार्थिनी रेचेल स्केरिट आल्या, शाळेच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख. मग कोविड. परीक्षा घेणेच शक्य नव्हते, म्हणून २०२१च्या प्रवेशासाठी एक वर्षाची पद्धत केली: २० टक्के जागा शहरभरातल्या गुणवत्तेवर, उरलेल्या पिनकोडनुसार, गरीब भागांना आधी पाळी. गोऱ्या आणि आशियाई पालकांच्या एका गटाने दावा लावला. डिसेंबर २०२३मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि ९ डिसेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी असहमती नोंदवली. दरम्यान २०२१च्या जुलैमध्ये कायमस्वरूपी म्हणून आणलेल्या पद्धतीत परीक्षा परत आली, पण शहराचे सामाजिक-आर्थिक स्थितीनुसार गट पाडून प्रत्येक गटातल्या मुलांची स्पर्धा त्याच गटात ठेवली.

यात माझी बाजू विचाराल तर सांगते. वर्गातले गुण आणि परीक्षा दोन्ही असावीत आणि गरीब वस्तीतल्या मुलाची स्पर्धा शिकवणी लावलेल्या मुलाशी थेट होऊ नये, एवढे मला पटते. पिनकोडची पद्धत मला कधीच पटली नाही. एकाच पिनकोडात भाड्याच्या खोल्याही असतात आणि कोट्यवधींची घरेही.

लॅटिन आजही सक्तीचे आहे. पाठांतर करून सर्वांसमोर उतारा म्हणून दाखवण्याची ‘डिक्लमेशन’ची प्रथाही चालू आहे, आणि लाजऱ्या मुलांना तिचीच जास्त भीती वाटते. शाळा सातवी ते बारावी, विद्यार्थी सुमारे २४००. माजी विद्यार्थ्यांची संघटना १८४४पासून आहे आणि ती शाळेसाठी मोठा निधी उभा करते. शहरातल्या बाकीच्या शाळांकडे असे काही नाही. सरकारी शाळेला खासगी देणगीचा एवढा टेकू असावा का, हा वाद बॉस्टनमध्ये दर अंदाजपत्रकाच्या वेळी निघतो. मला त्यात १६३६च्या वर्गणीची यादी दिसते.

तुमच्या भाचीला सांगण्यासारखे: अर्जासाठी कुटुंब बॉस्टन शहराच्या हद्दीतच राहत असले पाहिजे. केंब्रिज, ब्रुकलाइन, क्विन्सी चालत नाही, आणि राहण्याचे पुरावे कसून तपासतात. सातवीच्या प्रवेशासाठी सहावीतले गुण धरले जातात, म्हणजे तयारी याच वर्षी. गटांची रचना आणि गुणांचे वजन मंडळ अधूनमधून बदलते, त्यामुळे ओळखीच्या घरातल्या मोठ्या मुलांचे अनुभव कामाचे नाहीत, चालू वर्षाचे नियम शाळा मंडळाकडूनच घ्यावेत. अर्जात तिन्ही शाळांचा पसंतीक्रम द्यायचा असतो: लॅटिन स्कूल, लॅटिन अकॅडमी आणि ओब्रायंट. विज्ञान-गणिताची ओढ असलेल्या मुलीसाठी ओब्रायंट पहिल्या क्रमांकावर टाकायला मी अजिबात कचरणार नाही.